पहिल्या पायरीचा कौल

“खोटं! साफ खोटं! पहिलं टांग्याचं होतं! होडीचं आलं कुठून?”

असं ओरडत आमच्या मामाचे व्याही देवळाच्या सभामंडपात प्लॅस्टिकच्या कदेलीवर चढून उभे राहिले. व्याह्यांचं शरीर म्हणजे भाताची भरलेली मुडी. त्या खुर्चीचे पुढचे दोन पाय मांद्र्याच्या दिशेने निघाले आणि मागचे दोन साखळीच्या. तरी ते पडले नाहीत. नुसत्या रागावर माणूस हवेत टिकतो, हे मी त्या रविवारी सकाळी या डोळ्यांनी पाहिलं. माझ्याबरोबर देवस्थान समितीच्या सात जणांनीही पाहिलं. त्यातले चार जण आता ‘नाही’ म्हणतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

समोरच्या बाकावर मामा बसला होता. मांडीवर एक जाडजूड वही आणि वहीवर दोन्ही हात, जणू कोणी ती हिसकावून पळणारच आहे.

“व्याहीबुवा,” मामा म्हणाला, “आपण खाली उतरावं. उंचावरून बोललेलं जास्त खरं होत नाही.”

आता ही दोन माणसं कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मामा साखळीकडचा. जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर होता. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हे लिहायचं, एवढंच काम. पण मामाच्या वहीत एकही गाडी कधी उशिरा आली नाही. गाडी चढावावर बंद पडलेली असे, ड्रायव्हर काजूच्या सावलीत घोरत असे, पण वहीत ती आठ-पंचवीसला येऊन आठ-तीसला सुटलेली असे. शेवटी शेवटी प्रवाशांनाही डोळ्यांपेक्षा वहीचा भरवसा वाटू लागला. एक गृहस्थ तर खिडकीत डोकावून आपली गाडी वेळेवर सुटल्याचं वाचून समाधानाने घरी परत गेले. कुठेही न जाता.

पण मामाचं नाव झालं ते दुसऱ्या वहीमुळे. त्या काळी रेडिओवर आठवड्यातून एकदा गाण्यांची क्रमवारी लागायची. कुठलं गाणं चढलं, कुठलं उतरलं, कुठलं कितव्या पायरीवर बसलं. वर्षअखेरीस सबंध वर्षाची यादी, दहावीपासून पहिलीपर्यंत. मामा ती सगळी हिरव्या शाईने उतरवून घ्यायचा. वर्षानुवर्षं. डिचोली तालुक्यात सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, खाणीच्या ट्रकांच्या रांगेत, जिथे म्हणून गाण्यावरून हमरीतुमरी व्हायची तिथून एक माणूस सायकलवरून सुटायचा तो थेट मामाच्या दारात. वहीत काय लिहिलंय तो निकाल. वर अपील नाही.

व्याही पेडण्याकडचे, हे देऊळ त्यांच्याच गावातलं. त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता, आता मुलगा बघतो. केरीपासून मांद्र्यापर्यंत एकही लग्न, मुंज, जत्रा त्यांच्या भोंग्याशिवाय झाली नाही. भोंगा माडावर बांधून त्यांनी गाणं लावलं की तेरेखोल नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्गातले लोक आपल्या मांडवात त्याच्यावर वरात काढायचे आणि वाजंत्र्याचा खर्च वाचवायचे. मांद्र्याच्या किनाऱ्यावर एकदा बांगडे गाणं ऐकायला इतके जवळ आले की लोकांनी जाळ्याऐवजी घमेली नेली. हे मला व्याह्यांनी सांगितलं. मी त्यात फक्त घमेली घातली.

मामाची मुलगी व्याह्यांच्या मुलाला दिली आणि तेव्हापासून या दोघांची पंचाईत झाली. दोघांनाही भांडायची हौस, पण व्याह्याला अरेतुरे करायची सोय नाही. त्यामुळे ‘आपल्या डोक्यात भुसा भरला असावा असं नम्रपणे वाटतं’ अशा भाषेत सगळं चालायचं.

आणि भांडण कसलं? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता. ज्या वर्षी सभामंडपावर छप्पर चढलं त्या वर्षाची यादी घ्यायची, दहाव्या पायरीपासून वर वर येत पहिलं गाणं सगळ्यात शेवटी वाजवायचं. रेकॉर्डी व्याह्यांच्या, निवेदन मामाचं. जावयाने साखळीला फोन करून मामाला तसं विचारलं होतं.

इथे मला जरा हळू बोलायला हवं. मामा निवृत्त झाला त्या दिवसापासून त्याला कुणी वेळ विचारलेली नव्हती. ज्याच्या त्याच्या खिशात वेळ. वहीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. ज्याच्या त्याच्या खिशात वहीही होती. सायकलवरून येणारी माणसं यायची थांबली, तरी मामा दर संध्याकाळी जनेलात, म्हणजे खिडकीत, वही घेऊन बसायचा. असा तो फोन आला. मामाने त्याच दिवशी साखळीच्या बाजारात जाऊन कोटाचं माप दिलं. कोट शिवून आला तेव्हा उन्हाने दगड तडकत होते, पण मामा तो घालून परसात कोंबड्यांपुढे निवेदनाची तालीम करायचा. पाचव्या पायरीपर्यंत आला की कोंबड्या आपणहून ओळीत उभ्या राहत. आठव्या दिवशी कोंबडा गळा साफ करून मगच आरवला.

आणि वहीत पहिलं होडीचं गाणं असताना आता व्याही म्हणत होते की वहीच खोटी आहे, पहिलं टांग्याचं. समितीच्या अध्यक्षांनी हात वर करून स्पष्ट सांगितलं, “ज्याची यादी खरी, त्याच्या हातात माईक. चुकीचं पहिलं गाणं देवाच्या दारात लावायचं नाही.” म्हणजे व्याही खरे ठरले तर माईक त्यांच्या हातात, आणि मामा कोट घालून प्रेक्षकांत.

व्याह्यांचं म्हणणं बिनतोड होतं, हे मी मामाचा भाचा असूनही कबूल करतो. रेडिओवाला दूर कुठेतरी शहरात बसलेला. त्याला पेडण्याचं काय माहीत? त्याने दुकानदारांना विचारलं असेल, किती रेकॉर्डी खपल्या? आमच्या गावात रेकॉर्डचं दुकान होतं कुठे? गावाला एक रेकॉर्ड, ती व्याह्यांच्या पेटीत. ती हजार वेळा वाजली तरी रेडिओच्या हिशेबी खपली एकदाच. टांग्याच्या गाण्याची लोकांनी इतकी फर्माईश केली की रेकॉर्डीच्या खाचा झिजून पाठीमागचं गाणं पुढून ऐकू यायला लागलं. मग पहिलं कुठलं? लोकांनी मागितलं ते, की एका माणसाने खोलीत बसून सांगितलं ते?

मामाने यावर सांगितलं की फर्माईश म्हणजे क्रमवारी नव्हे. लग्नात दारू प्यायलेला नवऱ्याचा मावसभाऊ एकच गाणं अकरा वेळा लावायला सांगतो, ती अकरा माणसं होत नाहीत. आणि टांग्याच्या गाण्याची फर्माईश व्याही स्वतःच करायचे, हे पेडणे तालुक्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

“आपण माझ्या भोंग्यावर संशय घेता?” व्याही म्हणाले.

“भोंग्यावर नाही,” मामा म्हणाला. “भोंगा बिचारा सांगेल ते ओरडतो.”

इथे कुणाच्या तरी डोक्यात आलं की फोनवर बघा. नेमकं ते माझ्याकडेच सोपवलं, कारण मी पेडण्याला कचेरीत कारकून आहे, आणि कारकुनाला सगळं सापडतं असा एक समज आहे. मी शोधलं. त्या वर्षाच्या पाच याद्या निघाल्या. तिघांनी होडी पहिली म्हटलं होतं, एकाने टांगा, आणि एकाने असं एक गाणं की जे हजर असलेल्यांपैकी कुणी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

मामा उभा राहिला. “तीन! जग म्हणतंय. मी एकटा नाही.”

मी फोन घाईघाईने खिशात घातला. त्याचं कारण वाचकांना सांगतो, तिथे कुणाला सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी कचेरीत नवा नवा संगणक आला, तेव्हा दुपारी काम नसायचं म्हणून मामाची ती यादी मीच टाइप करून गाण्याच्या शौकिनांच्या एका ठिकाणी चढवली होती. पानावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला, त्यामुळे सातव्या पायरीचं गाणं दिसत नव्हतं. तिथे मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘वाचता येत नाही’. आज त्या तिन्ही याद्यांत सातव्या पायरीवर ‘वाचता येत नाही’ हे गाणं आहे. एकाने त्याचा राग दिलाय. दुसऱ्याने लिहिलंय की हे गाणं त्याच्या वडिलांना फार प्रिय होतं आणि ते अंघोळ करताना गुणगुणायचे. म्हणजे जग मामाला दुजोरा देत होतं खरं, पण जग म्हणजे मामाच होता, मध्ये मी आणि चहाचा कप.

व्याही काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, फोन राहू दे, मूळ वही दाखवा. मामाने मोठ्या मानाने ते पान उघडलं. सगळे वाकले. मागची पानं हिरव्या शाईची, मामाच्या तिरक्या, घाईत गाडी पकडायला निघालेल्या अक्षरांची. हे पान निळ्या शाईचं. अक्षर गोल, ठुसठुशीत, ओळीवर मांडी घालून बसलेलं.

“हे अक्षर आपलं नव्हे,” व्याही म्हणाले.

“त्या संध्याकाळी मी ड्यूटीवर होतो. घरी हिने ऐकून लिहिलं.”

वाकलेले सगळे सरळ झाले. ‘हिने’ म्हणजे माझी मामी. व्याह्यांची विहीण. आता बोला. व्याह्याची टर उडवता येते, तो मान आहे. पण विहिणीने लिहिलेलं खोटं आहे असं म्हणायचं? लेकीच्या सासरच्यांनी? आमच्याकडे विहिणीला वाढलेली आमटी गार होती म्हणून दोन घरं तीन पिढ्या एकमेकांच्या गणपतीच्या चवथीला गेली नाहीत.

व्याह्यांनी कपाळाचा घाम पुसला. “विहीणबाईंच्या शब्दाबाहेर मी नाही,” ते म्हणाले. “त्यांनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं. पण रेडिओच चुकला असेल.”

आता मजा बघा. मामी त्या क्षणी देवळापासून पन्नास पावलांवर, लेकीच्या स्वयंपाकघरात नारळ खवत होती. एक हाक मारली असती तर पदराला हात पुसत आली असती आणि दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण विहीणबाईंना देवळात बोलावून साक्ष काढायची? छे. ते कुणाच्या मनातही आलं नाही. त्यापेक्षा देवाला विचारणं सोपं होतं.

आणि विचारलं. गुरवाला बोलावणं गेलं. आमच्याकडे जमिनीचा तंटा, लग्नाचा मुहूर्त, हरवलेली म्हैस, सगळं शेवटी देवाच्या कौलाला जातं. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मात्र गाण्यांच्या क्रमवारीसाठी कौल लागला तो या भूतलावर पहिल्यांदाच, यावर मी कुणाशीही पैज लावतो.

गुरव सत्तरीचा. त्याने आधी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, पुन्हा ऐकल्या, तिसऱ्यांदा ऐकल्या, मग विचारलं की नेमकं देवाला काय विचारू. मग हात जोडले.

“बा देवा म्हाराजा. आज हे दोन व्याही तुझ्या पायाकडे इले आसत. एक साखळेचो, एक हयचो. एका गाण्यावरसून हेंच्यात मोडामोड झाली आसा. रेडिओन सांगल्यान ता खरा काय भोंग्यान वाजवल्यान ता खरा, ह्या तुका ठावक. होडयेचा गाणा पयला आसात तर उजवी दी, टांग्याचा आसात तर डावी दी. आणि दोनूय घरातली गोडी आसा तशी ऱ्हवांदे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. समितीच्या एका सभासदाने भरात ‘वन्स मोअर’ म्हटलं, त्याला बाहेर पाठवलं.

पाकळ्या काही पडेनात. पाव तास गेला. पंखा बंद केला, उगाच नंतर कुणी वाऱ्यावर ढकलू नये म्हणून. अर्धा तास गेला. मामाने कोट घातलेला नव्हता, तरी कोटाइतका घाम त्याच्या अंगावर होता. त्याचे ओठ हलत होते. आम्हाला वाटलं जप चाललाय. मी जवळ सरकून ऐकलं तर तो दहाव्या पायरीचं निवेदन म्हणत होता, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात, जणू आताच म्हणून घेतलं नाही तर मग कुठे म्हणणार. मी आयुष्यात देवाकडे बढती मागितली नाही, पण त्या दिवशी होडी मागितली.

उजवी पाकळी पडली.

ती पडल्याचा आवाज झाला, असं मी ठिकठिकाणी सांगतो. झाला असणारच. मामा बाकावरून उठला आणि परत बसला, कारण पाय कुठे ठेवले होते ते त्याला आठवेना. व्याह्यांनी ताबडतोब हात जोडले. “देवाचा शब्द शिरसावंद्य. होडी पहिली,” ते म्हणाले आणि चपला घालता घालता पुटपुटले, “पण देवाने टांग्याचं ऐकलं नसेल. माझा भोंगा ह्या देवळाकडे पाठ करून असायचा.”

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मंडप असा भरला की उशिरा आलेल्यांनी आपल्या जागी घरून टॉवेल पाठवले. मामा कोट घालून उभा राहिला. त्याचं निवेदन म्हणजे काय सांगू. “दहाव्या पायरीवर लागत आहे...” अशी सुरुवात केली मात्र, पुढच्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांनी सवयीने पिशव्या उचलल्या. प्रत्येक गाण्याची यायची वेळ, सुटायची वेळ, वाटेतले थांबे. सातव्या पायरीवर त्याने क्षणभर पान डोळ्यांजवळ नेलं आणि जाहीर केलं, “सातवी गाडी आज रद्द.” टाळ्यांचा कडकडाट. तिसऱ्या गाण्याला पोरी बाकावर चढल्या, दुसऱ्याला त्यांच्या आया चढल्या.

मग पहिलं. मामाने कोटाची बटणं लावली.

“आणि आता पहिल्या पायरीवर. रेडिओला मान्य, वहीला मान्य, देवाला मान्य...”

भोंग्यातून घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

टांग्याचं! व्याही यंत्रावर ओणवे होऊन एक दुसरीच रेकॉर्ड धोतराच्या सोग्याने पुसत होते, चेहऱ्यावर असा निरागसपणा की तान्ह्या बाळाने शिकवणी लावावी. चारशे माणसांनी श्वास धरला. माझी मामेबहीण, म्हणजे एकाची लेक आणि दुसऱ्याची सून, तिने डोळ्यांवर पदर घेतला. एक टाप, दुसरी टाप. आणि मग मामाने माईक तोंडाजवळ नेला.

“मंडळी, ही जादा गाडी. जत्रेनिमित्त सोडलेली. वहीत हिची नोंद नाही, पण सीट भरून आहे. पहिली गाडी हिच्या मागोमाग लागेल.”

सभामंडपाचं छप्पर चार बोटं वर गेलं. शपथेवर सांगतो, गेलं. अजून नीट बसलेलं नाही, पावसात एका कोपऱ्यातून ठिबकतं. शिट्ट्या पेडणे बाजारापर्यंत ऐकू गेल्या. टांगा संपला, होडी लागली, आणि व्याही यंत्र सोडून मामाच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघे म्हातारे माईक मध्ये धरून गाऊ लागले, एक आधी एक नंतर, कारण गाण्याचं कडवं कधी सुटतं यावरही त्यांचं एकमत नव्हतं. लोकांनी मामाला खांद्यावर घेतलं. कोटाची बाही उसवली. त्याने ती काढूनच दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेबहिणीच्या पडवीत मामी आणि मी चहा घेत बसलो होतो. पाववाल्या पोदेराने दिलेला उंडा ती चहात बुडवून खात होती. मामा आत झोपला होता, झोपेतही हसत. मी विचार केला, सगळ्यांना विचारून झालं. भोंग्याला विचारलं, फोनला विचारलं, देवालाही सोडलं नाही. म्हटलं, “मामी, एक विचारू? ते वर्षअखेरचं पान तू लिहिलंस ना. त्या संध्याकाळी रेडिओवर पहिलं कुठलं लागलं होतं गं?”

मामीने उंड्याचा तुकडा खाऊन संपवला.

“रेडिओ खंयचा रे,” ती म्हणाली. “सेल संपलेले.”